तळ्याकांठची गोगलगाय व मेंढरांचा यकृतकृमी

माण तालुक्याचें नांव आजवर घेतलें गेलें तें पाण्याच्या दुर्भिक्षासाठीं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत सांपडलेल्या या मुलखांत पाऊस वर्षाकांठीं वीस इंचांच्या आसपास, आणि तोहि बेभरंवशाचा. म्हणून येथील शेतकऱ्यानें जोंधळा-बाजरीच्या जोडीस मेंढरूं आणि खिलार बैल ठेवून आपला संसार तोलून धरला. गेल्या कांहीं वर्षांत हें चित्र पालटूं लागलें आहे. गांवोगांव बांधबंदिस्ती झाली, पाझर तलाव व शेततळीं झालीं. २०१८ सालीं पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेंत याच तालुक्यांतील टाकेवाडीनें राज्यांत पहिला क्रमांक मिळविला. उरमोडीचें पाणी इकडे वळलें, जिहे-कठापूर योजनेनें कृष्णेचें पाणी माणच्या बाजूस आणलें, आणि शेजारच्या आटपाडींत टेंभूचें पाणी पोंचलें. ही सर्व गोष्ट आनंदाचीच आहे.

परंतु पाणी एकटें येत नाहीं. तें आपलें बिऱ्हाड बरोबर घेऊन येतें. त्या बिऱ्हाडांत पाणगोगलगाय नांवाचा एक क्षुद्र जीव असतो, आणि त्याच्या पोटांत, असलाच तर, मेंढरांचा व गुरांचा एक मोठा वैरी दडून बसलेला असतो. कोंकणांतील किंवा कृष्णाकांठच्या शेतकऱ्यास हा वैरी जुना ओळखीचा आहे. माणच्या शेतकऱ्यास तो नवा असल्यामुळें त्याविषयीं वेळींच सावध करावें, या हेतूनें आम्ही हा लेख वाचकांपुढें ठेवीत आहों.

गोगलगायींची ओळख

प्रथम एक घोटाळा दूर करूं. २०२२ सालीं लातूर, बीड व धाराशिव या जिल्ह्यांत सोयाबीनचीं कोंवळीं रोपें फस्त करून ज्या गोगलगायींनीं शेतकऱ्यांस हैराण केलें, त्या जमिनीवरच्या. त्यांचा प्रस्तुत विषयाशीं संबंध नाहीं. आमचें सांगणें आहे तें तळीं, ओढे, पाट व डबकीं यांतील गोड्या पाण्याच्या गोगलगायींविषयीं.

त्यांतहि सर्वच दोषी नाहींत. तळ्यांतून हातीं लागणाऱ्या कांहीं गोगलगायींच्या शंखाच्या तोंडाशीं एक घट्ट झाकण असतें. प्राणी आंत गेला कीं दार लावल्यासारखें तें बसतें. आपल्या जनावरांच्या ज्या रोगांविषयीं आम्ही लिहीत आहों, त्यांशीं संबंध असलेल्या दोन मुख्य जातींस असें झाकण नसतें. पहिली जात लिम्निया. हिचा शंख पातळ, फिकट शिंगाच्या रंगाचा, वर टोंकदार व खालीं रुंद तोंडाचा असतो; टोंक वर धरून तोंड आपल्याकडे केलें असतां तें उजव्या बाजूस येतें. हिच्यांतूनच यकृतकृमी, म्हणजे ज्यास डॉक्टर लिव्हर फ्लूक म्हणतात तो, पसरतो. दुसरी जात इंडोप्लॅनॉर्बिस. हिचा शंख तपकिरी व चपट्या वेटोळ्याचा, गुंडाळून ठेवलेल्या दोरीसारखा दिसतो, आणि ती चिरडली असतां लालसर रक्त निघतें. पोटांतील डाळिंबाच्या दाण्यासारखे कृमी व बैलांचा घोरण्याचा रोग हिच्या द्वारें येतात.

उन्हाळ्यांत तळें आटलें म्हणजे या गोगलगायी मेल्या, असें समजणें चुकीचें आहे. त्या ओल्या गाळांत खोल शिरून निजून राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हां वर येतात. दुष्काळानें माणसें व जनावरें गांव सोडून जातात, पण गोगलगाय गांव सोडीत नाहीं, हें ध्यानांत धरावें.

कृमीचा जीवनक्रम

इंग्लंडांत १८७९-८० च्या सुमारास यकृतकृमीच्या सांथींत सुमारें तीस लाख मेंढरें दगावलीं. या कृमीचें गूढ त्यानंतर लवकरच उकललें. इंग्लंडांत टॉमस व जर्मनींत ल्यूकार्ट या दोघां शास्त्रज्ञांनीं एकमेकांपासून स्वतंत्रपणें, १८८१ ते १८८३ या काळांत, हें दाखवून दिलें कीं मेंढराच्या काळजांतील कृमीचा अर्धा जन्म गोगलगायीच्या पोटांत जातो. तो क्रम असा:

आपल्याकडील मोठा यकृतकृमी पानाच्या आकाराचा, चपटा, एक ते तीन इंच लांब असून जनावराच्या यकृतांतील पित्तवाहिन्यांत राहतो. तेथें तो रोज हजारों अंडीं घालतो. तीं पित्ताबरोबर आंतड्यांत व शेणलेंड्यांबरोबर बाहेर पडतात. शेणाच्या गोळ्यांत अंडें वाढत नाहीं. शेण पाण्यांत विरघळून अंडें मोकळें झालें, कीं उबदार दिवसांत सुमारें दोन आठवड्यांत त्यांतून डोळ्यांस न दिसणारी, पोहणारी अळी निघते. तिला एका दिवसाच्या आंत लिम्निया गोगलगाय सांपडली नाहीं तर ती मरते. सांपडली तर ती तिच्या अंगांत शिरते, आणि तेथें एकाचे शेंकडों होतात. पांच ते आठ आठवड्यांनीं ही संतति शेपटीच्या अळ्यांच्या रूपानें बाहेर पडते, जवळच्या गवताच्या पात्यास चिकटते, शेपूट टाकून देते आणि स्वतःभोंवतीं कठीण कोश करून बसते. गवत ओलें राहील तोंवर हा कोश आठवडेच्या आठवडे, केव्हां केव्हां महिनेहि जिवंत राहतो. कडक उन्हांत सुकला तर लवकर मरतो. तें गवत जनावरानें खाल्लें कीं चक्र पुरें झालें.

येथेंच माणचें खरें संकट आहे. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत माळावर काडी उरत नाहीं; हिरवें काय तें तलावाच्या हटत जाणाऱ्या पाण्याच्या कांठीं. सर्व वाड्यांचीं मेंढरें त्याच एका पट्ट्यावर लोटतात, तेथेंच पाणी पितात आणि तेथेंच लेंड्या टाकतात. ज्या मुलखांत सगळीकडे हिरवें असतें तेथें हा धोका विखुरला जातो. दुष्काळी मुलखांत तो एका कांठावर गोळा होतो. जें एकमेव हिरवें दिसतें, तेंच बहुधा सर्वांत घातकी असतें, हें या लेखाचें सार समजावें.

बरणींतील परीक्षा

आपल्या तळ्यांतील गोगलगायी रोगी आहेत कीं नाहींत, हें हायस्कुलांत शिकणाऱ्या मुलाच्या मदतीनें घरींहि पाहतां येतें. मात्र नुकती लागण झालेल्या गोगलगायींतून अळ्या बाहेर पडण्यास दीड-दोन महिने लागत असल्यानें तितका काळ त्या जिवंत व निरोगी ठेवणें आवश्यक आहे. त्याची रीत येणेंप्रमाणें:

तळ्याच्या कांठावरून, जेथें मेंढरें पाण्यास उतरतात तेथूनच, दहा-बारा गोगलगायी लांब दांड्याच्या पळीनें काढाव्या. हात पाण्यांत बुडवूं नये. कारण कांहीं अळ्या कातडींतून शिरतात व खाज उठवितात. रबरी हातमोजे घालावे. रुंद तोंडाच्या कांचेच्या बरणींत चार-पांच शेर विहिरीचें पाणी घ्यावें. नळाचें औषध घातलेलें पाणी असल्यास तें एक-दोन दिवस उघडें ठेवून मग वापरावें. तांब्याच्या हंड्यांतील पाणी मुळींच घालूं नये, कारण तांब्याचा अत्यल्प अंशहि गोगलगायीस विष होतो. तळाशीं धुतलेली जाड वाळू व चुनखडीचे दोन खडे घालावे. चुन्यावांचून शंख झिजतो व टोंकाशीं खड्डे पडतात. पाणवनस्पतीची एखादी डहाळी सोडावी. बरणी सावलींत ठेवावी व तोंडास पातळ फडकें बांधावें, नाहीं तर गोगलगायी रात्रीं बाहेर निघून सुकून मरतात.

खाण्यास पालकाचें किंवा मेथीचें पान गरम पाण्यांतून काढून, मऊ करून द्यावें. एका दिवसांत संपेल इतकेंच. उरलेलें पान रोज काढून टाकावें. कुजलेल्या पानानें पाणी नासतें, आणि बरणींतील मृत्यूंचें मुख्य कारण हेंच असतें. दर तीन-चार दिवसांनीं एक-तृतीयांश पाणी बदलावें. निरोगी गोगलगाय कांचेस घट्ट चिकटून, शिंगें बाहेर काढून हिंडते. जी शंखांत आंत ओढून पडून राहते ती आजारी, व जिला दुर्गंधि सुटते ती मेलेली; ती त्याच वेळीं काढावी.

गोगलगायीसहि परजीवी असतात. लहान जळवा तिच्या मऊ अंगास चिकटून रस शोषतात. त्या चिमट्यानें काढाव्या. मिठाच्या पाण्याचा उपाय करूं नये. त्यानें जळवेबरोबर गोगलगायहि मरते. पुष्कळदां तिच्या मानेभोंवतीं पांढरे, सुतासारखे, अगदीं बारीक कृमी वळवळतांना दिसतात. शास्त्रांत त्यांस कीटोगॅस्टर म्हणतात. ते घातक नाहींत. उलट गोगलगायींत शिरूं पाहणाऱ्या व तींतून निघणाऱ्या यकृतकृमीसारख्या अळ्या ते गिळतात. त्यांस हात लावूं नये. यकृतकृमीची लागण झालेल्या गोगलगायीवर मात्र उपाय नाहीं, व त्याची जरूरीहि नाहीं. अशी गोगलगाय बाहेरून धडधाकट दिसते, पण तिच्या अंतरंगाचा बराच भाग कृमींनीं खाल्लेला असतो व बहुधा तिचें अंडीं घालणें बंद पडतें. निरोगी लिम्निया कांचेवर पारदर्शक, चिकट, लांबट पुंजके घालीत असते. ते ज्या बरणींत दिसत नाहींत तिच्याविषयीं संशय घ्यावा.

परीक्षा अशी. आठवड्यांतून एकदां प्रत्येक गोगलगाय स्वच्छ पाण्याच्या निरनिराळ्या कांचेच्या प्याल्यांत रात्रभर ठेवावी. सकाळीं प्याला काळ्या फडक्यापुढें धरून भिंगानें पाहावा. मग दोन-तीन तास कोंवळ्या उन्हांत ठेवून पुन्हां पाहावा. धुळीच्या कणासारखे, शेपटी हलवीत पोहणारे जीव दिसले तर ती गोगलगाय रोगी. यकृतकृमीच्या अळीची शेपटी साधी असते आणि लवकरच प्याल्याच्या कांचेवर पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपानें तिचे कोश बसतात. शेपटी टोंकाशीं दुभंगलेली असेल तर ती रक्तांतील कृमीची जात समजावी. एका खेपेस कांहीं न दिसलें म्हणून तळें शुद्ध ठरत नाहीं. रोगी तळ्यांतहि शेंकड्यांत थोड्याच गोगलगायींतून अळ्या निघतात. परीक्षा संपल्यावर प्याल्यांत व बरणींत उकळतें पाणी ओतून सर्व जीव मारावे आणि खोल पुरावे. ते ओढ्यांत किंवा दुसऱ्या तळ्यांत कदापि टाकूं नयेत.

रोगाचीं लक्षणें

कोश पोटांत गेल्यावर बालकृमी आंतड्याची भिंत भेदून यकृतांत शिरतात आणि सहा ते दहा आठवडे तें पोखरीत हिंडतात. एकाच वेळीं पुष्कळ कृमी गेले असतील तर चांगलें दिसणारें मेंढरूं एकाएकीं मरतें. पोट उघडल्यास यकृत रक्ताळलेलें आढळतें. या अवस्थेंत लेंड्यांत अंडीं सांपडत नाहींत. कारण अंडीं पडण्यास लागणीपासून तीन ते चार महिने जावे लागतात. म्हणून 'तपासणींत कांहीं निघालें नाहीं' एवढ्यावर निश्चिंत राहूं नये.

थोडे थोडे कृमी पुष्कळ दिवस जात राहिले तर रोग रेंगाळतो. पापणीच्या आंतला रंग पांढुरका होतो, लोंकर सुटते, जनावर खाऊनहि वाळत जातें, दूध आटतें, आणि जबड्याखालीं पाण्याची पिशवी लोंबूं लागते. दिवसभर मान खालीं घालून चरल्यावर ती संध्याकाळीं मोठी दिसते व सकाळीं ओसरते. हीच सूज व हाच पांढरेपणा पोटांतील रक्तपित्या बारीक जंतांमुळेंहि येतो, आणि दोहोंचें औषध निराळें आहे. यास्तव अंदाजानें औषध पाजण्यापूर्वीं लेंड्या तपासून घ्याव्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत ती सोय होते. आपल्याच जिल्ह्यांत शिरवळ येथें क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयहि आहे. सर्वांत सोपी परीक्षा खाटकाच्या दुकानीं आहे. कळपांतील बकरें कापलें जाईल तेव्हां कलेजी उभी चिरून पाहावी. नळ्या जाड व कडक झालेल्या, आणि दाबल्यावर पानासारखे चपटे कृमी बाहेर येत असतील, तर साऱ्या कळपाचें निदान झालें.

इंडोप्लॅनॉर्बिसमुळें येणाऱ्या रोगांत वासरांस व कोंकरांस दुर्गंधीयुक्त पातळ हगवण लागते. बैलांच्या नाकांत फुलकोबीसारखीं मांसाचीं गांठोडीं वाढून श्वासाचा घर्घर आवाज होतो. या घोरण्याच्या रोगाचा कृमी १९३३ सालीं मद्रास इलाख्यांतील पशुवैद्य एम्. अनंत नारायण राव यांनीं वर्णन केला. तो गवतावाटें येत नाहीं. पाण्यांत उभ्या राहिलेल्या बैलाच्या कातडींतून शिरतो. खिलार बैल औताला जुंपणाऱ्यांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें. याच कुळांतील एक कृमी माणसासहि लागतो. रत्नागिरी जिल्ह्यांतील गिमवी या गांवीं लघवींतून रक्त जाण्याच्या रोगाचें कारण तो असल्याचें गाडगीळ व शहा यांनीं १९५२ सालीं प्रसिद्ध केलें, आणि तेथेंहि मध्यस्थ निघाली ती ओढ्यांतील एक चिमुकली गोगलगायच.

औषधोपचार

पूर्वीं कार्बन टेट्राक्लोराइड पाजीत असत; त्यानें कृमीबरोबर कधीं कधीं जनावरहि जाई. आतां तें औषध मागें पडलें आहे. आजच्या औषधांत ट्रायक्लाबेंडाझोल हें यकृतांत हिंडणाऱ्या बालकृमींवर व मोठ्या कृमींवर दोहोंवर चालतें. मेंढीस वजनाच्या दर किलोस १० मिलिग्रॅम व गुरांस १२ मिलिग्रॅम असें त्याचें प्रमाण आहे. ऑक्सिक्लोझॅनाइड मोठ्या यकृतकृमींवर व पोटांतील डाळिंबदाण्यासारख्या कृमींवर चालतें, पण यकृतांतील बालकृमींवर नाहीं. अल्बेंडाझोल फक्त मोठ्या यकृतकृमींवर, तेंहि वाढीव मात्रेंत लागू पडतें, आणि गाभणीच्या पहिल्या महिन्यांत तें देऊं नये. कोणतें औषध केव्हां द्यावें हें पशुवैद्यानें ठरवावें. जनावराचें वजन डोळ्यांनीं न अंदाजतां कांट्यावर करावें, कारण कमी मात्रेनें कृमी मरत नाहींत व औषधास सोकावतात. दुभत्या जनावराचें दूध व कापावयाच्या जनावराचें मांस डॉक्टर सांगेल तितके दिवस वर्ज्य करावें.

ज्या कळपांत रोग ठरला आहे त्यास दोन वेळां औषध देणें अगत्याचें. पहिली वेळ मृगापूर्वीं, म्हणजे पावसाच्या पाण्यांत अंडीं पडणार नाहींत. दुसरी कार्तिक-मार्गशीर्षांत, म्हणजे पावसाळ्यांत गेलेले कृमी निघतील. ज्यांचीं मेंढरें दिवाळीनंतर पश्चिमेस ओल्या मुलखांत जातात, त्यांनीं परत आल्यावर गांवच्या तळ्यावर कळप नेण्याआधीं तपासणी करून घ्यावी. नाहीं तर परगांवचा कृमी आपणच घरीं आणून पेरल्यासारखें होईल.

प्रतिबंध

औषध दरवर्षीं विकत घ्यावें लागतें. प्रतिबंध एकदांच करावा लागतो. त्याचीं मुख्य सूत्रें अशीं:

१. जनावराचें तोंड व तळ्याचा कांठ यांची गांठ पडूं देऊं नये. तळ्यास कुंपण घालून पाणी पंपानें किंवा नळीनें बाहेर उंचावरील हौदांत आणावें. हौदाभोंवतीं फरशी किंवा मुरूम असावा, आणि सांडलेल्या पाण्याचें डबकें होऊं देऊं नये. तसें डबकें म्हणजे नवें तळेंच.

२. कांठावरचें गवत चारावयाचेंच असल्यास कापून, पाण्याखालचा बुडखा सोडून वरचा भाग घ्यावा. तो कडक उन्हांत खडखडीत वाळवून, गंजी घालून, मगच खाऊं घालावा.

३. शेण व लेंड्या उकिरड्यांत नीट कुजवाव्या. कुजण्याच्या उष्णतेनें अंडीं मरतात. ओलें शेण पाटांत अगर तळ्यांत धुऊं नये.

४. वैशाखांत तळें कोरडें पडेल तेव्हां गाळ काढून शेतांत पातळ पसरावा. गाळांत निजलेल्या गोगलगायी उन्हांत पुष्कळ अंशीं मरतात आणि शेतास कसहि मिळतो.

५. शेततळ्यांतील शेवाळ व वनस्पति वरचेवर काढावी; ज्या तळ्यांत खाण्यास कांहीं नाहीं तेथें गोगलगाय फार वाढत नाहीं. बदकें पाळणें शक्य असेल तेथें तींहि गोगलगायी आवडीनें खातात.

६. मोरचूदानें गोगलगायी मरतात हें खरें. परंतु मासेहि मरतात, आणि मेंढराइतकें तांब्याच्या विषास बळी पडणारें दुसरें पाळीव जनावर क्वचितच असेल. म्हणून तज्ज्ञाच्या देखरेखीवांचून मोरचूद पाण्यांत टाकूं नये.

यांतील एकट्यानें करण्याजोगें थोडें, व गांवानें मिळून करण्याजोगें पुष्कळ आहे. एकानें आपलीं मेंढरें औषध पाजून शुद्ध केलीं आणि शेजाऱ्याचीं तशींच तळ्यावर आलीं, तर पहिल्याचा खर्च पाण्यांत गेला. ज्या गांवांनीं श्रमदानानें माती हलवून पाणी अडविलें, त्यांस त्याच तळ्याभोंवतीं कुंपण घालणें व बाहेर एक हौद बांधणें अवघड नाहीं. पाणी आणण्याचें काम जितकें गांवाचें, तितकेंच तें निर्दोष ठेवण्याचेंहि. आमच्या वाचकांनीं येत्या मृगापूर्वीं आपापल्या गांवच्या तळ्याचा कांठ एकदां या दृष्टीनें पाहून घ्यावा, अशी आमची विनंति आहे.